हवालदार आणि आंबिलीचं मडकं

जव्हारला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. धबधबे पाहिलेस का आणि वारली चित्रं आणलीस का. धबधबा एकच पाहिला, तोही मे महिन्यातला, म्हणजे कुणी नळ नीट बंद न केल्यासारखा. चित्रं काही आणली नाहीत. आणली ती आंबील, आणि तीही बरीचशी ओंकारच्या शर्टावर.

पण आधी हवालदाराची ओळख करून द्यायला हवी, कारण आम्ही गेलो ते त्याच्या कामासाठी. मी नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ओंकार माझ्याच वर्गात. आम्हा दोघांचा मिळून एक प्रकल्प, आणि आमच्या डोक्यावर देवरे मॅडम. पोटात राहणारा एक गरीब बिचारा जीवाणू घ्यायचा, त्याच्या जनुकांत थोडी भर घालायची, की जुलाबाचे आणि पटकीचे जंतू जवळ आले रे आले की त्याला सुगावा लागतो आणि तो त्यांना मारणारं प्रथिन सोडतो. चोर येईपर्यंत डुलक्या, चोर आला की दंडुका. म्हणून त्याचं नाव आम्ही ठेवलं हवालदार.

आता असा घडवलेला प्राणी मोकाट सोडून चालत नाही. काम झालं की तो मेलाच पाहिजे. ही मरणाची व्यवस्था माझ्याकडे होती आणि तिला आम्ही 'निवृत्ती' म्हणायचो. हवालदार एका खास साखरेवरच जगतो. पुडीत तो आणि त्याची साखर एकत्र. साखर संपली की दिवसभरात हवालदार खलास. प्रयोगशाळेत मी हे किती वेळा करून पाहिलं असेल, देव जाणे. दर वेळी स्वच्छ नवा फ्लास्क, नवी पुडी, आणि दुसऱ्या दिवशी एकही हवालदार जिवंत नाही. मला त्या निवृत्तीचा इतका अभिमान होता की मॅडम म्हणायच्या, "मुक्ता, जरा हळू बोल, लग्न ठरल्यासारखं मिरवू नकोस."

पुडी द्यायची कशातून, हा प्रश्न ओंकारने सोडवला. आंबील! नाचणीची, आंबट, गार, आणि रोज घराघरांत प्यायली जाणारी. ती कुठे पितात, तर जव्हार-मोखाड्यात. पाण्याचे हालही तिथेच. त्यातून पुढच्या सोमवारी कॉलेजची समिती बसणार होती. एकच प्रकल्प परदेशातल्या विद्यार्थी स्पर्धेला जाणार, आणि समितीचा पहिला प्रश्न ठरलेला, की ज्यांच्यासाठी करताय त्यांना विचारून आलात का. ओंकारचं तर जाणं झालंच होतं जवळजवळ. त्याच्या आईने जाड लोकरीचा स्वेटर आणून ठेवला होता. नाशिकच्या उन्हाळ्यात तो घालून त्याने मला फोटो पाठवला होता, घामाने निथळत.

खरा हवालदार अर्थात नाशिकलाच कुलुपात राहिला. तसला जीवाणू प्रयोगशाळेबाहेर काढायची परवानगी नसते. आमच्या पिशवीत फक्त दाखवायच्या पुड्या, आत साधी ग्लुकोज पावडर.

सूर्यमाळ

त्र्यंबकचा रस्ता सोडून एसटी मोखाड्याकडे वळली की डोंगर अंगावर येतात. मे महिन्यात ते करपलेल्या भाकरीच्या रंगाचे असतात, पण मधेच एखादी करवंदाची जाळी काळीभोर लगडलेली. मोखाड्याच्या स्टँडवर भोये सर आम्हा दोघांची आणि बरोबर आलेल्या मॅडमची वाट बघत होते. हे मॅडमचे जुने विद्यार्थी, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. राहणारे साखरशेतचे. त्यांच्या वहिनींचं माहेर सूर्यमाळला, म्हणून पहिला मुक्काम तिथे. जीपमध्ये आम्ही किती जण बसलो ते सांगत नाही. ओंकारच्या मांडीवर एक कोंबडी होती आणि ती त्याच्यापेक्षा शांत होती, एवढं पुरे.

वहिनींच्या आईला आम्ही मावशी म्हणायला लागलो. काटक बाई, कमरेला खोचलेलं लुगडं, डोळे मिचमिचे, हसणारे. अंगणात टेकलो तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली होती. आमच्या संगमनेरला पाहुणा आला की आधी पाण्याचा तांब्या, मग चहा. इथे मी पाणी मागितलं तर वाडगाभर आंबील आली. वरून चिरलेला कांदा आणि मीठ.

"पानी नंतर पी," मावशी म्हणाल्या. "पानी काय, आमच्याकडं लांबून येतं. ही पी आधी, पोटाला थंड."

ते 'लांबून' म्हणजे काय, ते संध्याकाळी समजलं. पाड्याखालच्या विहिरीत तळाला गढूळ पाणी, आणि बायका वाटीने ते हंड्यात भरत होत्या. मी मोठ्या उत्साहाने एक हंडा डोक्यावर घेतला. चढाच्या निम्म्यात माझी मान आणि माझा उत्साह दोन्ही मोडले. मावशींनी तो हंडा स्वतःच्या हंड्यावर चढवला आणि पुढे चालू लागल्या. मी मागून मोकळ्या हातांनी, आणि तरी धापा टाकत.

पण ती आंबील! नाचणीची खमंग चव, मग आंबट, आणि सगळ्यात शेवटी नाकात कच्च्या पेरूसारखा एक वास. मी तीन वाडगे प्यायले. या धंद्यात नाक तयार होतं, फ्लास्क उघडला की आत काय वाढतंय ते आधी नाकाला कळतं. असला वास मी याआधी कुठल्याच आंबवलेल्या पदार्थाचा घेतला नव्हता.

ओंकारने रात्रीच्या जेवणाआधी सभा घेतली. सभा म्हणजे मावशी, दोन शेजारणी, भोये सर आणि मागे बसून ऐकणाऱ्या मॅडम.

"मावशी, या आंबिलीत जीवाणू असतात," ओंकारने सुरुवात केली.

"काय असतं?"

"म्हणजे अगदी बारीक जीव. डोळ्यांना दिसत नाहीत."

"किडं?" मावशी ताडकन उठल्या. "माझ्या आंबिलीत किडं? ये इकडं, दाव मला!"

शेजारणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. ओंकारची अशी भंबेरी उडालेली मी तरी पहिल्यांदाच पाहिली. शेवटी सरांनी त्यांच्या बोलीत समजावलं, दही कसं लागतं, तसंच काहीसं. मावशी बसल्या. पुडी हातात घेऊन त्यांनी हुंगली.

"पोरांची ढाळ थांबंल?"

"हो. म्हणजे पुढे, सगळ्या तपासण्या झाल्यावर."

"मंग बेस हाय. रोज टाकायची ना? टाकू. पन चव बिघडाय नको, सांगून ठेवते."

जेवायला नाचणीची भाकरी, उडदाची आमटी आणि सुक्या बोंबलाची चटणी. ओंकार शाकाहारी आहे, पण चटणीच्या वासाने त्याचा चेहरा असा झाला होता की थोडा धीर धरला असता तर तो बाटला असता.

साखरशेत

दुसऱ्या दिवशी जव्हारमार्गे साखरशेतला. इथे जरा सपाटी, भाताची वावरं नांगरून पावसासाठी तयार. सरांचं घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं लख्ख अंगण. घरात त्यांच्या मंगलवहिनी आणि आई. आईंना सगळा पाडा आजी म्हणतो. आजी बऱ्याच थकलेल्या, दात नाहीत, पोट नाजूक. सर सांगत होते, गेल्या वर्षापासून भाकरीही जड जाते, आंबिलीवरच आहे सगळं.

वहिनींनी आम्हाला वाडगे दिले. मी तोंडाला लावला आणि थांबले. नाचणी, आंबट, आणि शेवटी कच्चा पेरू.

"वहिनी, ही तर कालचीच चव आहे. सूर्यमाळची."

वहिनी इतक्या खुलल्या! "ओळखलीस? मंग! आईचीच हाय ती. लगनात भांड्यांसंगं आईनं मडकुल्यात थोडी दिली होती. जीपमधी मांडीवर धरून आनली मी. नवरदेव येका बाजूला, मडकुला दुसऱ्या."

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून तीच. सांजेला नाचनी शिजवायची, गार झाली का कालची तळाला ठेवलेली तिच्यात मिसळायची. सकाळी आंबते. मडका कवा रिकामा करायचा नाय. या आळीतल्या चार घरांत माझीच हाय. धाकट्या नणंदेला पन दिली, ती डहाणूला गेली लगीन होऊन."

शेजारी ओंकार वहीत लिहीत होता, 'लोकांची तयारी उत्तम'. मी मात्र वाडगा खाली ठेवला.

मडकं कधी रिकामं करायचं नाही! माझी सगळी निवृत्ती उभी होती ती रोजच्या नव्या, स्वच्छ फ्लास्कवर. इथे आजची पुडी टाकली, हवालदार जागा झाला, काम केलं, मरायला टेकला, तोवर संध्याकाळ. तळाला उरलेल्या आंबिलीत तो आहेच. त्यावर उद्याची पुडी, म्हणजे उद्याची साखर. म्हातारे हवालदार पुन्हा जेवायला बसणार. परवा पुन्हा. रोज मुदतवाढ! आणि असे पिढ्यान्पिढ्या वाढत गेले, की त्यातला एखादा बिनसाखरेचा जगायला शिकणार, हे तर आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मग तो मडक्यातून शेजारी, शेजारून लग्नाच्या जीपमध्ये बसून थेट डहाणू.

माझ्या आईच्या राज्यात रात्री एक चमचासुद्धा खरकटा राहिलेला चालत नाही, म्हणून हे मला सुचलं नाही असं म्हणावं, तर त्याच आईच्या ओट्यावर रोज विरजणाची वाटी असते. पण ते विरजण मी कधी लावलं होतं? मी आपली दही खाणारी.

"आवडली नाय का?" वहिनींनी विचारलं.

"आवडली हो," मी म्हटलं. खरंच आवडली होती, अगदी कालच्यासारखी, आणि तिथेच तर सगळं बिनसलं होतं.

दाभोसा

ओंकारला मी त्याच दुपारी दाभोशाला सांगितलं. तिथे जायचं कारण काही नव्हतं, सर म्हणाले इतके आलात तर धबधबा बघून जा. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या, आणि तळाशी हिरवट पाण्याचा डोह. उन्हाने भाजून निघाल्यावर त्या गारव्यात पाय सोडून बसणं म्हणजे काय सुख! मॅडम आणि सर वरच सावलीत थांबले होते.

ओंकारने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यात काय? पुडीवर छापू. रोज मडकं धुवा."

"कशाने धुतील? काल हंडा तू उचलला होतास का?"

"मग सोमवारपर्यंत गप्प बसू. निवड होऊ दे, नंतर दुरुस्त करू."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे? समितीतलं कोण इथे येऊन आंबील पिणार आहे, सांग ना!"

"मी प्यायले ना!" मी इतक्या जोरात ओरडले की समोरच्या कड्यावरून ते परत आलं. ओंकार रागाने उठला, शेवाळावरून घसरला आणि कमरेपर्यंत डोहात. एक चप्पल तरंगत पलीकडे गेली. ती काढायला त्याला जावं लागलं आणि भांडण तिथेच तुटलं. पण मिटलं नव्हतं. त्याला ती स्पर्धा किती हवी होती, ते मला माहीत होतं. हवी मलाही होती, खोटं कशाला बोलू?

साखरशेतहून निघताना वहिनींनी सरबताच्या रिकाम्या बाटलीत आंबील भरून दिली. "वाटेत प्या. थोडी राखा, घरी नाचनी शिजवून मिसळा." मी झाकण गच्च आवळलं आणि बाटली ओंकारच्या पिशवीत ठेवली. दोन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आणि एकालाही आठवलं नाही की आंबणाऱ्या पदार्थात वायू धरतो.

मोखाड्याच्या पुढच्या वळणांवर तिचं झाकण उडालं. आवाज असा, की ड्रायव्हरने टायर गेला समजून गाडी बाजूला घेतली. टपाला, खिडकीला, पुढच्या आजोबांच्या टोपीला, आणि मुख्य म्हणजे ओंकारला, सगळ्यांना आंबील. कंडक्टर आले, बोटाने सीटवरची चाखून पाहिली आणि म्हणाले, "चांगली आंबलीय. पण तिकीट काढलं नव्हतंत हिचं." अख्खी गाडी हसली. मॅडम तर डोळे पुसत होत्या.

नाशिक

बाटलीच्या बुडाशी दोन चमचे राहिले होते. हॉस्टेलवर मी हट्टाने नाचणीचं पीठ शिजवलं, गार केलं, त्यात ते मिसळलं आणि पातेलं झाकून झोपले. सकाळी ओंकारला खाली बोलावलं आणि झाकण काढून त्याच्या नाकाखाली धरलं.

तो बराच वेळ हुंगत राहिला. कच्चा पेरू, शंकाच नाही.

"तेवढ्यातून?" त्याने विचारलं.

"तेवढ्यातून."

"झाकण उडालं, बसभर सांडली, तरी?"

मी पातेलं त्याच्यापुढे सरकवलं. तो वाडगाभर आंबील प्यायला, त्याने तोंड पुसलं. मग तो म्हणाला, "सोमवारी मी सांगतो. तू रडशील."

त्याने सांगितलं, आणि छान सांगितलं. मडकं, लग्न, जीप, डहाणू, सगळं. समितीतले सर मान डोलावत होते, एक बाई तर हसून हसून लाल झाल्या. आणि निवड दुसऱ्या गटाची झाली. त्यांच्या जीवाणूला सगळं जमत होतं. आम्हाला शेरा मिळाला, 'निवृत्तीची पुन्हा आखणी करून पुढील वर्षी यावे'. मी रडले नाही. ओंकार मात्र जिन्यात जाऊन बसला, आणि मॅडमनी आम्हाला गावातली सगळ्यात तिखट मिसळ खायला घातली, म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं तर कुणी काही विचारायला नको.

आंबील मी चालू ठेवली. का, ते नेमकं सांगता येणार नाही. आधी रागाने, मग सवयीने. सुटीत घरी नेली, आईने विरजणाशेजारी जागा दिली, सुटी संपल्यावर परत हॉस्टेलवर आणली.

पाऊस संपत आला होता तेव्हा मंगलवहिनींचा फोन आला. मला वाटलं, पुडी विचारतात. माझी पाचावर धारण बसली, कारण नवी निवृत्ती अजून कागदावरच होती.

"पुडी नाय ग," वहिनी म्हणाल्या. "पावसात पाड्यावर ढाळ चालू झाली. आरोग्याच्या ताई आल्या. पानी उकळा, दवा टाका, सगळी भांडी कढत पान्यानं धुवा म्हनल्या. धुतली. आमच्या आळीत कुनाला काय झाला नाय."

"मग चांगलं झालं की!"

"चांगला झाला. पन मडका पन धुतला ना! सगळ्या घरांनी धुतला. सूर्यमाळला आईकडं पन धुतला. नणंदेची तर उन्हाळ्यातच गेली होती. तशी आंबते नाचनी, दुसरी करून बघितली, पन सासूबाई घोट घेतात आन वाडगा सारतात. काय खात नाय मुक्ता त्या. वाळल्यात पार. तुला दिली होती ती बाटली. हाय का ग जिती?"

मी खिडकीतल्या पातेल्याकडे बघत म्हटलं, "आहे, वहिनी. आहे!"

पुन्हा साखरशेत

दुसऱ्याच दिवशी पहिली एसटी पकडली. ओंकार न विचारता आला. पाऊस सरताना त्या घाटात सकाळी बरंच गार असतं, म्हणून त्याच्या आईने परदेशासाठी घेतलेला तो स्वेटर त्याने पहिल्यांदा कारणी लावला. बाटलीचं झाकण आम्ही सैल ठेवलं होतं, आणि ती त्याने मांडीवर धरली होती, वहिनींनी मडकुलं धरलं होतं तशीच. डोंगर हिरवेगार होते, उतारावर नाचणीची कणसं मुठी वळून उभी.

आजी खाटेवर होत्या, खरंच वाळल्या होत्या. वहिनींनी वाडग्यात आंबील ओतली. आजींनी एक घोट घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी दुसरा घोट घेतला, मग वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि संपवूनच खाली ठेवला.

"सूर्यमाळची," त्या म्हणाल्या, आणि वाडगा पुन्हा पुढे केला.

वहिनी हसत होत्या आणि रडतही होत्या. दारात शेजारणी भांडी घेऊन उभ्या होत्या, आपापल्या घरी न्यायला. आम्ही या गावाला काहीतरी द्यायला निघालो होतो उन्हाळ्यापासून, आणि दिली ती त्यांचीच आंबील. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना वहिनींनी तीच बाटली धुऊन, पुन्हा भरून माझ्या हातात दिली.

"थोडी तुमच्याकडं राहू दे," त्या म्हणाल्या. "आमची परत कवा गेली, तर मागायला कुनीतरी होवा."

ओंकारने बाटली माझ्याकडून घेतली, झाकण अर्धा फेरा सैल केलं, अंगातला स्वेटर काढला आणि तिच्याभोवती नीट गुंडाळला.